जाणवला पाहिजे असा उंचवटा

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (अर्धाच वाकलोय, कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? ताईला दवाखान्यातून सोडलंय. टाके अजून ओले आहेत, जीभ मात्र ठणठणीत. माझ्या घरी दिवसभर तिच्याजवळ कुणी नसतं, मामींनी तिकडे खोली आवरून ठेवली आहे, तरी बाईसाहेब तुमच्याकडे यायला नाही म्हणतात आणि म्हणून तुम्ही फुगून बसला आहात, हे मामींकडून कळलं. त्याकडे नंतर वळतो, आधी माझी कहाणी ऐका.

आमच्या कंपनीत गाडीच्या सीट बनतात. सीट रस्त्यावर नेण्याआधी आम्ही रस्ताच कॉम्प्युटरवर बनवतो. साहेबांनी मला एक गुळगुळीत उंचवटा बनवायला सांगितला, वर "जाणवला पाहिजे" अशी पुस्ती जोडली. काम सोपं. रस्ता सपाट, मग अलगद चढ, वर गोलाई, अलगद उतार, पुन्हा सपाट. कोपरा कुठेच नाही. त्यासाठी कोसाइनच्या लाटेचा एकच फुगवटा घ्यायचा आणि त्याच्या आधी-नंतर शून्य लिहायचं. मी लाट घेतली आणि शून्य लिहायला विसरलो. (हे मामींना वाचून दाखवू नका, म्हणतील मामावर गेलाय.) तो रस्ता सीट हलवून बघायच्या यंत्राला जोडला. यंत्रावर सीट, सीटवर साहेब. उंचवट्यामागून उंचवटा येत राहिला आणि साहेब पाळण्यातल्यासारखे डुलत चक्क घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, झोप छान लागली, पण उंचवटा काही जाणवला नाही.

मग मी इरेला पेटलो. म्हटलं, कोसाइन गेली उडत, खराखुरा उंचवटाच मोजून आणतो. टेप घेऊन एका ओळखीच्या गल्लीत गेलो, रस्त्यावर पालथा पडून मापं घेतली आणि जशीच्या तशी भरली. त्याला चढ नव्हताच, सरळ पायरी होती. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत कुरकुर केली, पण ऐकतो कोण? या वेळी साहेबांनी सीटवर मलाच बसवलं. चष्मा एकीकडे, मी दुसरीकडे. साहेब म्हणाले, "हा बांधणाऱ्याचं कुणाशी वैर होतं का?" मोठ्यांचा मान राखून मी गप्प बसलो.

शेवटी शून्य लिहिलं आणि लाट जागेवर बसली. आता उंचवटा जाणवतो, गाडी हळू करावीच लागते आणि कंबरही शाबूत राहते. साहेब खूश आहेत. मामींना नमस्कार.

तुमचा (सध्या आडवा) भाचा

ता. क. ती गल्ली तुमची. उंचवटा तुमच्या फाटकासमोरचा, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून "जाणवला पाहिजे, जाणवला पाहिजे" म्हणत तुम्ही बांधून घेतलेला. रविवारी फाटकाशी कोण लोळतंय म्हणून तुम्ही गॅलरीतून ओरडलात, तो मीच.

आणखी एक ता. क. ताई रुसलेली नाही. कूस बदलतानासुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि गाडी तुमच्या दारात आणायची तर तो उंचवटा ओलांडावा लागतो. तुम्हाला त्याचा केवढा अभिमान, म्हणून सांगायला धजत नाही. काल म्हणाली, "मामाकडे जायला जीव तुटतोय रे, पण टाकेही तुटतील." कोसाइनची रेषा खऱ्या मापात छापून सोबत जोडली आहे. मामा, तेवढी गवंड्याला द्या.

शेवटचा ता. क. यातलं काही ताईने सांगितलंय असं वाटू देऊ नकोस, असं ताई शेजारून सांगते आहे. गवंडी उद्याच मिळाला तर बरं, हेही तीच म्हणते. तिची पिशवी भरून तयार आहे.