बुधवारची रांग

६ ऑगस्ट, बुधवार
आज मी रांगेत ओरडलो. सगळं तिथंच फिरलं.

आई एचआयव्हीच्या गोळ्या घेते, वडील — अण्णा — गेले तेव्हापासून. गोळ्यांच्या मॅडम कधीच्या मागं लागल्यात — "लीलाबाई, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या. तुम्हाला धोका जास्त." पण गोळ्या सोमवारी, तपासणी बुधवारी. तीही दवाखान्याच्या दुसऱ्या इमारतीत, बायांच्या गर्दीत, नाव पुकारून! आई दोनदा दारातून परत आली. आज मीच ओढून नेलं.

स्कार्फमधून तिचे फक्त डोळे दिसत होते. नंबर आला. खिडकीतल्या बाईनं फाईल बघितली अन् खाली सरकवली. "यांचं शेवटी." मागून आलेल्या आत जाऊन बाहेर आल्या. मी परत विचारलं. "सांगितलं ना, शेवटी!"

डोकंच सटकलं. "एचआयव्ही आहे म्हणून मागं ढकलता व्हय माझ्या आईला?"

अख्खी रांग वळून बघायला लागली. बाकड्यावर रत्नमालामावशी बसलेली. माझं जिच्याशी जुळलंय, त्या अपेक्षाची सख्खी मावशी. आमच्याच पडेगावातली!

आई उठून चालायला लागली. तपासणी राहिलीच. रिक्षात एकच बोलली — "तुला कुणी वकील केलं होतं रं?"

७ ऑगस्ट
अपेक्षाचा मेसेज. "घरी कळलं. फोन करू नको."
हिला चिडवलं म्हणून एकाला कॉलेजात फोडलं होतं. त्यातच कॉलेज सुटलं. अन् आज तिचा फोटो उघडून बसलो तर आत काहीच होत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, तसं बधिर.

९ ऑगस्ट
टँकर आला. बाया आईला म्हणाल्या, "तुमी घ्या आधी. घ्या अन् जावा." कुणाची घागर तिच्या घागरीला लागायला नको! तिथं शेवटी, इथं पहिली. आईनं घागर भरली. मी भिंतीला टेकून बघत राहिलो. रागसुद्धा आला नाही.

१२ ऑगस्ट
"उद्या बुधवार," म्हणालो. आई भाकरी थापत राहिली.

१३ ऑगस्ट, बुधवार
उठलो तर आई तयार. मी स्कार्फ पुढं केला. तिनं खिळ्याला परत अडकवला.
"आता कुणापासून झाकू? शेवटी तर शेवटी, बसू. पण आज तू तोंड उघडायचं नाय!"
रिक्षा आली. ती उघड्या चेहऱ्यानं गल्लीत उभी आहे. निघतो. दार ओढून घेतो.