सारख्या पुड्या

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मजकुरापेक्षा अक्षराकडेच जास्त वेळ बघत बसले, रागावू नकोस. जन्मभर नकाशे काढलेल्या बाईचं अक्षर गेली काही वर्षं थरथरत कागदभर पांगायचं, तेव्हा वाईट वाटायचं. डिसेंबरच्या पत्रात ते एकदम छापल्यासारखं झालं, मला आनंदाने रडू आलं. आणि या पत्रात ते पुन्हा हललंय. पूर्वीइतकं नाही, निम्मंशिम्मं. हे काय गौडबंगाल आहे? औषधाचं नाव काढलं की अंगावर येणारी तू हल्ली कोणाचं काय घेतेस, ते खरं कळव.

इकडे आमचीही झोप उडाली आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि तो घ्यायला समोरच्या पेशीवर रिसेप्टर असतात, हे मी तुला पूर्वी चित्र काढून समजावलं होतं. हाताची थरथर थांबवणाऱ्या रिसेप्टरवर बसेल, पण शेजारच्या, उलट्या करवणाऱ्या रिसेप्टरला शिवणार नाही, असं औषध रचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता त्याची माणसांवर चाचणी चालू आहे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच साखरेची. कोणाला कुठली, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही.

सगळ्या केंद्रांवरून रक्ताचे नमुने येतात. काहींच्या रक्तात औषध सापडतं, काहींच्या नाही. तसंच व्हायला हवं. पण एक केंद्र असं आहे की तिथल्या झाडून सगळ्यांच्या रक्तात औषध आहे, आणि सगळ्यांच्याच निम्मं! वरिष्ठांना संशय आहे की तिथल्या डॉक्टरांनी दोन-चार जणांचं रक्त एकत्र करून सगळ्या नळ्या भरल्या आणि बाकीचे रुग्ण नुसते कागदावर दाखवले. नमुने आता इतके थोडे उरलेत की पुन्हा तपासताही येत नाहीत. हे कुठे बोलू नकोस. केंद्राचं नाव तुलाही सांगत नाही.

अक्षराचा खुलासा लवकर पाठव. लोभ तर आहेच, उत्तरही असावं.

तुझी,
पेन्सिल

१२ मार्च

चि. पेन्सिल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र भाचीचं वाटेना, पोलीस चौकीतून आल्यासारखं वाटलं. माझं अक्षर तपासलंच आहेस तर गुण किती पडले तेही कळव. अगं, मी रबरी चेंडू दाबते, सकाळी बोटांचे व्यायाम करते. डिसेंबरात थंडीने हात आखडला होता, म्हणून हलला नसेल. त्यात एवढं काय?

आमची थरथऱ्या मंडळींची बैठक वाचनालयाच्या व्हरांड्यात रोज भरते. त्यात एक निवृत्त कंपाउंडर आहेत. चहाचा कप ओठांशी नेईपर्यंत निम्मा चहा त्यांचा शर्टच पितो. माणूस मोठा गमत्या. आपल्या शर्टाला आपल्यापेक्षा जास्त तरतरी आहे, असं तेच सांगतात. ते पचनाच्या पुड्या करून देतात. एवढंच माझं औषधपाणी.

त्या केंद्राच्या डॉक्टरांवर मात्र तुम्ही उगाच घसरता आहात असं मला वाटतं. समज, रुग्णांनीच काही घोळ घातला असेल तर? मग त्यांना काढून टाकतात का? की नुसतं रागावून सोडून देतात? आणि डॉक्टरांचं काय होतं? सहज विचारते आहे, काही कारण नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

सहज विचारणारी माणसं इतके प्रश्न विचारत नाहीत.

तुझं पत्र आल्यावर मी रक्ताचे आकडे पुन्हा काढून बसले. माणसांच्या वजनात, पचनात फरक असतो, तो धरून हिशेब केला. प्रत्येकाच्या पोटात गेलेला वाटा सारखा आहे. लबाडी करणारा माणूस इतका नेटका नसतो, तो कुठेतरी घाई करतोच. इतकी सारखी वाटणी करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे. आम्हा भावंडांना केक वाटताना ते आधी पट्टी लावायचं, मग पेन्सिलीने खुणा करायचं, आणि तरी धाकट्याची समजूत पटली नाही तर कर्कटक काढायचं.

आता नीट उत्तर दे. पचनाच्या त्या पुड्या कोण बांधतं? कंपाउंडरांचा हात तर कपही धरू शकत नाही. केंद्र तुझ्याच गावात आहे, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आणि तू जर त्या चाचणीत असशील, तर औषध रचणारी तुझी भाची आहे हे तिथे सांगितलंस का? आमच्या नात्यातल्या कोणालाही चाचणीत घेत नाहीत. भरती करताना तसं विचारतातच.

समोर असतीस तर तुझ्या चेहऱ्यावरून कळलं असतं. कागदामागे तू बरी लपतेस.

माझ्याकडे लोभही आहे आणि संशयही. त्यातलं काय वाढवायचं, ते तू ठरव.

पेन्सिल

२५ मार्च

चि. पेन्सिल हिस,
आशीर्वाद आहेतच, रागावले तरी ते कुठे जातात?

हो, मी आहे त्या चाचणीत. नात्याचं विचारलं तेव्हा कोणी नाही म्हणून ठोकून दिलं. तुझ्या हातून झालेलं औषध जगातल्या सगळ्यांनी घ्यावं आणि मी तेवढं घेऊ नये, हे मला पटलं नाही.

पुढचं ऐक. पहिला महिना आम्ही आपापल्या गोळ्या घेतल्या. मग तपासणीच्या दिवशी बाकांवर समोरासमोर बसलो की कोणाला काय मिळालंय ते दिसायला लागलं. एकीने स्वतःची बटणं स्वतः लावली, ती हसत होती. कंपाउंडर तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा कप बशीवर नुसता वाजत होता. मला ते बघवेना. मग व्हरांड्यात ठरलं की सगळ्यांच्या गोळ्या एकत्र करायच्या. त्यांनी घरचा खल आणला. कुटायला थरथरता हात चालतो, उलट बरा, असं त्यांचं म्हणणं. भुकटी कशी एकजीव करायची ते त्यांनी सांगितलं. पुड्या मी बांधल्या. काचेवर भुकटीची पट्टी ओढायची, तिचे सारखे भाग पाडायचे, बटरपेपरची घडी घालायची. तुझा कयास बरोबर आहे, कोणाला चिमूटभर जास्त नाही की कमी नाही.

आता सगळ्यांचेच हात थोडे थोडे हलतात. कोणी कोणाकडे चोरून बघत नाही. आम्ही कोणाचं काय वाईट केलं, ते तू मला सांग. डॉक्टरीणबाईंना यातलं काही माहीत नाही, शपथेवर सांगते. आमची नावं न घेता तुला हे मिटवता येणार नाही का? तू हुशार आहेस.

तुझीच,
लबाड आत्या

३१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग डोकं धरून बसले.

वाईट काय केलंत ते ऐक. सगळ्यांना निम्मं मिळालं, म्हणजे खरी गोळी दिलेले आणि साखरेची दिलेले सारखेच बरे झाले. कागदावर त्याचा अर्थ असा होतो की माझं औषध आणि साखर एकच. तुमच्यासारखी आणखी दोन केंद्रं निघाली तर हे औषध कचऱ्यात जाईल आणि तुमच्यामागून येणाऱ्या कोणालाच ते मिळणार नाही. पण ते पुढचं. पुढच्या आठवड्यात तुमच्या डॉक्टरीणबाईंना चौकशीला उभं करणार आहेत. खोटे रुग्ण दाखवल्याचा ठपका बसला की त्यांना पुन्हा डॉक्टरकी करता यायची नाही. त्या रोज सांगताहेत की माझे रुग्ण खरे आहेत, आणि एकाचाही विश्वास नाही. गेल्या आठवड्यापर्यंत माझाही नव्हता.

नावं न घेता हे मिटत नाही. तुम्ही सगळ्यांनी जाऊन सांगा. सांगितलंत की चाचणी तुमच्यापुरती संपेल आणि गोळ्या बंद होतील, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तू गेली नाहीस तर मी सांगेन. आपलं नातं तर मी आजच साहेबांच्या कानावर घातलं आहे; त्यांनी मला तूर्त या कामातून बाजूला केलंय.

रागावलीस तरी चालेल, पण जा.

तुझी,
पेन्सिल

९ एप्रिल

चि. पेन्सिल हिस,
अनेक आशीर्वाद.

गेलो. सगळे गेलो, खलासकट. डॉक्टरीणबाईंनी आधी ऐकून घेतलं, मग टेबलावर डोकं टेकून रडल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. तेवढ्यात उठल्या आणि आम्हाला असं काही फैलावर घेतलं की कंपाउंडरांचा हात भीतीनेच थांबला. चौकशीवाल्यांनी खल पिशवीत घालून सील केला. तो कंपाउंडरांच्या आईचा होता, परत मिळेल का ते विचारून ठेव.

बाईंवरचा आळ गेला. आमच्या गोळ्याही गेल्या. पुढच्या पत्रातलं अक्षर बघून घाबरू नकोस.

तुझ्यावर राग नाही. असता तर लिहिलं नसतं.

आत्या

२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खल परत मिळेल, मी लेखी घेतलं आहे. बाकीच्या केंद्रांवरची चाचणी चालू आहे आणि आकडे बरे येताहेत म्हणतात. पण औषध दुकानात यायला अजून काही वर्षं जातील.

कोणाला कुठली गोळी होती ते लिहिलेल्या तुमच्या केंद्राच्या चिठ्ठ्या फोडल्या. मला बघायची परवानगी नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच सांगितलं. कंपाउंडरांना साखर होती. तुला खरी गोळी होती.

तेव्हापासून एक संशय मनातून जात नाही. डिसेंबरचं तुझं पत्र पुन्हा काढलं. ते पुड्यांच्या आधीचं, पहिल्या महिन्यातलं. तुझ्या कबुलीच्या पत्रात बटणं लावणारी "एकी" आहे, बाकावरचे सगळे आहेत, फक्त तुझा हात कसा होता ते कुठेच नाही. गोळ्या एकत्र करायचं व्हरांड्यात "ठरलं" असं लिहिलंस. आत्या, ते कोणी ठरवलं? तुझी गोळी खरी आहे हे तुला कळलं होतं का?

या वेळी कागदामागे लपू नकोस.

तुझी,
पेन्सिल

११ मे

चि. पेन्सिल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र डॉक्टरीणबाई लिहून घेताहेत. येता-जाता डोकावतात. त्यामुळे त्यांच्याविषयी वाईट काही सांगता येत नाही, ही एक अडचणच आहे. आता सांगणार आहे ते त्यांनाही आत्ताच कळेल. कळू दे.

पहिल्याच महिन्यात एक दिवस सहज पेन उचललं आणि पट्टी न लावता रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. नोकरीत असताना अशा रेघा दिवसभर ओढायचे, तेव्हा त्यांचं काही वाटलं नव्हतं. मग तुला पत्र लिहिलं. साखर खाऊन अशी रेघ येत नाही, एवढं मला कळतं. बटणं लावणारी ती मीच; पण घरी, एकटी असताना. बाकावरचं तेवढं मी रचून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर कंपाउंडर भेटले. मी त्यांच्यापुढे हात पदराखाली घेऊन बसले होते. हात बरा झाला आणि तो लपवावा लागतोय, हे मला सोसेना. सुचवलं मीच. माझीच गोळी साखरेची असेल, मला वाटा द्या, असंही वर म्हणाले, नाहीतर त्यांनी घेतलं नसतं. आजही त्यांना माहीत नाही. चिठ्ठीतलं त्यांना सांगू नकोस.

तुला वाटेल आत्याने चूक केली. केलीच. पण औषध चांगलं झालंय गं. अगदी चांगलं झालंय, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं आणि तुलाच सांगता येत नव्हतं.

बाईंनी लिहिणं थांबवलं आहे, डोळे पुसताहेत. म्हणून हे मी स्वतः लिहिते. वाचता आलं नाही तर अंदाजाने वाच, तुझीच आहे.

आत्या