साहेब, पंखा आवाज करतोय

३ फेब्रुवारी
कारखाना पुढच्या महिन्यात हलणार! साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकलं. नवी जागा रात्रभराच्या प्रवासावर. "यायचं त्यांनी या, नाही त्यांना नमस्कार." कटिंगच्या टेबलाशी सगळे तावातावाने बोलत होते. मी कापडावरच्या खडूच्या रेघेवरून कटिंगचं मशीन फिरवत राहिलो.

५ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. म्हणाली, "गोदाम इथंच राहणार आहे ना? मग साहेबांना म्हणावं, पोरगी नववीत आहे, तिची दहावी होईस्तोवर मला गोदामात ठेवा. तोंड उघडा हो जरा!"
उद्या बोलतो.

६ फेब्रुवारी
नाही बोललो.

९ फेब्रुवारी
आज केबिनपर्यंत गेलो. आतही शिरलो! साहेबांनी मान वर केली— "काय रे?" तोंडातून निघालं काय, तर— "साहेब, पंखा आवाज करतोय." शिपाई फिस्सकन हसला.

नवव्या वर्षी गाव सुटलं. शाळेत सोडताना वडील म्हणाले होते, "आपण नवीन आहोत. कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही." वर्षाच्या मधेच घातलेलं. बाई शिकवायच्या ते गावाकडे अजून आलंच नव्हतं. विचारायला हात वर करायचा राहिला, तो राहिलाच. दोनदा नापास. मग हा कारखाना. केस पिकले इथं, तरी मी आपला नवीनच! माझ्या मागून आलेला आज कटिंग मास्तर आहे. चांगला आहे बिचारा. मला काका म्हणतो.

१४ फेब्रुवारी
साहेबच टेबलाशी आले. पाठीवर हात. "तू तर येणारच! तुझी कधी कटकट नसते."
मान हलली. माझीच.

१५ फेब्रुवारी
बायको भांडी आपटतेय. पोरगी जवळ येऊन बसली. "बाबा, मधेच घेतात का हो शाळेत?"
घेतात गं, म्हणालो.
घेतात. मलाही घेतलं होतं.

१८ फेब्रुवारी
बायको आज स्वतः साहेबांना भेटून आली! घरी आल्यावर चप्पलही न काढता दारातच उभी राहून सांगितलं. साहेब म्हणाले म्हणे, "अहो, गोदामातली जागा होती की! कालच दुसऱ्याला दिली. यानं आधी बोलायचं नाही का?"


१९ फेब्रुवारी
"तुम्ही जा," बायको म्हणाली. "पोरीला मी हलवायची नाही. आम्ही दोघी इथंच."
रडू यायला हवं होतं. हायसं वाटलं.