हलक्या विटांची खोली

उमरोळी, ४ फेब्रु. १९६६
सातवं मिश्रण फुगलं! सिमेंट, चुना, बारीक रेती, ॲल्युमिनियमची चिमूटभर पूड. कॉलेजात वाचलेलं आमच्या परसात झालं. सुकलेली वीट घंगाळात टाकली, तरंगली.
बा जन्मभर गवंडी. त्याने दोन विटा एकमेकींवर वाजवल्या, कान लावला. खणखणली नाही. "मुकी हाय, बाय."

२ मार्च
आयने चार विटा डोक्यावर घेतल्या. "रिकामीच टोपली दिलीस काय गो?" हसली, मग मान चोळत बसली. दगड वाहून गेलेली मान. त्या दगडांवर मी बी.एस्सी. झाले. आता कुणाच्याच आयवर अशी दगड वाहायची वेळ येऊ नये.

१० एप्रिल
आयसाठी मागे एक खोली बांधतोय.
"भायेरून गिलावा?" बाने विचारलं.
म्हटलं, नको, खर्च वाढतो. गरिबाला परवडलं पाहिजे.
"भिंत उघडी ठेवाची?"
मी पुस्तक पुढे केलं. बाला वाचता येत नाही. थापी उचलून कामाला लागला.

१५ मे
आय नव्या खोलीत झोपते. भर दुपारी गार. शेजारची विठाबाई हात फिरवून गेली. "मास्तरीणबाय, आमाला पन अशीच पायजे." मनोरच्या पाड्यांवर अशी घरं झाली तर! शाळेला सुट्टी, दिवसभर तेच डोक्यात.

२८ जुलै
पश्चिमेची भिंत आतून ओली. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी. वीट पाणी पिते. आय खोकते. पुढच्या घरात चल म्हटलं. "नाय. माज्या लेकीनं बांदलेली हाय."

६ ऑगस्ट
आय पालघरला दवाखान्यात. न्यूमोनिया. डॉक्टरांनी विचारलं, कुठे झोपत होत्या?
"पडवीत," बा म्हणाला.
बाला खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

११ ऑगस्ट
उरलेल्यांतली एक वीट उचलली. परसात भिजत पडलेली. दोन्ही हात लागले.
आयचा ताप तसाच. आज एवढंच बोलली, "त्या खोलीत खुंटी नाय. लुगडं कुटं टांगू?"
घरी येऊन बा भिंतीला तळवा लावून उभा. पाडायची का, मी विचारलं.
"ती परत येनार हाय ना? गिलावा करू. पन भिंत सुकल्याबिगर धरनार नाय."
किती दिवस लागतील?
"तू सांग, बाय. तू शिकलेली."
टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.