माझ्या प्लॉटना पाटी लावू नये

मी, खाली सही करणारी, वनमोजणी विभागाची निवृत्त प्रमुख, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर ज्यांनी तो आणून पाहिला, त्यांना तो परत न्यावा लागला. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला मी मागितला नाही.

माझ्यामागे तीन माणसे आहेत: एकुलता एक मुलगा, सूनबाई आणि माझी धाकटी बहीण. मुलगा आमच्या जंगलाचा व्यवस्थापक आहे. कुठे तोड करायची आणि कुठे राखायचे, हे तो ठरवतो. सूनबाई मोजणी विभागाची प्रमुख आहे, म्हणजे माझ्याच खुर्चीवर बसते. दोघांची ओळख माझ्याच कचेरीत झाली आणि ती होत असताना मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

कलम १. राहते घर मुलाला द्यावे. याला एक अट आहे, ती कलम ६ मध्ये आहे. त्याने ते कलम आधी वाचायला जाऊ नये. लहानपणापासून त्याला शेवटचे पान आधी उघडायची खोड आहे.

कलम २. स्वयंपाकघरातले टेबल मुलगा आणि सूनबाई दोघांचे. माझे पती सुतार होते. वादळात पडलेल्या झाडाच्या लाकडातून त्यांनी ते लग्नाच्या पहिल्या वर्षी केले. एक पाय किंचित आखूड आहे. मी दाखवून दिले तेव्हा ते म्हणाले, "मोजायचं खातं तुझं. माझं काम टेबल करायचं." पायाखालची कागदाची घडी काढू नये आणि पायही दुरुस्त करू नये. आमचा संसार त्या घडीवर छान उभा राहिला.

कलम ३. बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र बहिणीला. मी जंगलात तंबू ठोकून राहत असे तेव्हा माझ्या मुलाला तिने सांभाळले. त्याचे लाडही तिनेच केले, त्याचा हिशेब मी मागत नाही.

कलम ४. मोजणीची टेप, झाडाची उंची काढायचे यंत्र, मेटल डिटेक्टर आणि काठी ही सूनबाईला. काठीवर छातीच्या उंचीला पितळी खूण आहे. झाडाचा घेर नेहमी तिथेच घ्यायचा असतो. मुलगा वाढून त्याचे डोके त्या खुणेपर्यंत पोचले, त्या दिवशी मी सगळ्या कचेरीचे तोंड गोड केले होते. म्हणून काठी आपल्याला मिळावी असे त्याला वाटेल. त्याने ती हवी तेव्हा हातात घ्यावी, पण जंगलात ती सूनबाईबरोबरच जाईल.

मेटल डिटेक्टर कशाला, असे हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाईंनी विचारले, तेव्हा इथेच सांगून टाकते. एवढ्या जंगलातले प्रत्येक झाड कोणी मोजत नाही. सगळीकडे विखुरलेल्या छोट्या गोल जागा निवडतात, त्यांना आम्ही प्लॉट म्हणतो. काही वर्षांनी परत जाऊन तीच झाडे मोजायची. कोण किती जाडजूड झाले, कोण मेले, कोण नवीन उगवले हे लिहायचे आणि त्यावरून सगळ्या जंगलाची वाढ काढायची. मग किती तोड झेपेल ते ठरते. प्रत्येक प्लॉटच्या मध्यावर जमिनीखाली एक लोखंडी मेख पुरलेली आहे. वर काहीही खूण नाही आणि जागा फक्त मोजणी विभागाला ठाऊक. ती माझी करामत आहे आणि तिचा मला माझ्या पेन्शनपेक्षा जास्त अभिमान आहे.

कलम ५. माळ्यावर पिवळ्या रंगाचा एक जुना डबा आहे. तो आमच्या जुन्या संचालकांना, म्हणजे मोठ्या साहेबांना, पोचता करावा. रंग वाळला असेल. साहेबही वाळले आहेत, पण अजून रोज बागेतल्या बाकावर पत्ते कुटतात.

कारण असे. पूर्वी प्लॉटमधल्या झाडांना आम्ही पिवळे पट्टे मारत असू, म्हणजे पुढच्या खेपेला सापडावीत. तोडणारी माणसे भली होती. पट्टा दिसला की म्हणायची, "ही टेपबाईंची झाडं, यांना हात लावू नका." टेपबाई म्हणजे मी. आजूबाजूला तोड व्हायची आणि माझे प्लॉट तेवढे गर्द राहायचे. आकडे सांगायचे, जंगल जोरात वाढते आहे. त्या आकड्यांवर साहेब दर आराखड्यात तोड वाढवायचे.

मला शंका आली, कारण प्लॉटपर्यंत चालत जाताना डोक्यावर ऊन लागायचे आणि प्लॉटमध्ये शिरले की सावली. मी बैठकीत बोलले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही झाडं मोजा. धोरणाचं आम्ही बघतो." सगळे हसले. मग मी माझी माणसे घेऊन भलत्याच जागी गेले, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, जिथे कधी पट्टा लागला नव्हता. तिथले जंगल कागदावरच्या जंगलाच्या जवळपासही नव्हते. पुढच्या आराखड्यात तोड निम्म्यावर आली. पट्टे घासून काढले, मेखा पुरल्या. साहेबांनी आजतागायत "तुमचं बरोबर होतं" असे म्हटलेले नाही. डब्याबरोबर चिठ्ठी नको. त्यांना कळेल.

कलम ६. ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला बसले, ते कलम हे.

मी आजारी पडल्यापासून कचेरीत एक टूम निघाली आहे. माझ्या नावाची पाटी लावायची, प्लॉटना कुंपण घालायचे, ती झाडे कायमची राखायची. यात माझा मुलगा सगळ्यांच्या पुढे आहे. परवा माझ्या उशाशी बसून म्हणाला, "आई, कुठे आहेत तेवढं सांग. तुझ्या झाडांना मी कुणाला हात लावू देणार नाही."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. तरी मी सांगितले नाही. बाळा, पिवळा पट्टा असाच मायेपोटी खोटे बोलायला लागला होता. ज्या जागेवर माया केली, तिचा आकडा बाकीच्या जंगलाची खबर देत नाही. माझे प्लॉट जंगलाला जे भोगावे लागते ते सगळे भोगू देत, तुझी कुऱ्हाडसुद्धा. पुढच्या हंगामात मोजणी आहे. आयुष्यभर जपलेली ही आकड्यांची माळ एका पाटीने तुटेल.

म्हणून अट अशी: मुलाने प्लॉटच्या जागा शोधू नयेत, सूनबाईला विचारू नयेत, पाटी किंवा कुंपणाच्या कागदावर सही करू नये. मोडल्यास घर माझ्या बहिणीला जाईल. ती स्वयंपाकघराला कोणता रंग देईल, ते त्याला ठाऊक आहे.

कलम ७. माझी रक्षा जंगलात टाकावी, पण प्लॉटमध्ये एक चिमूटही पडता कामा नये. मी खत म्हणून कशी आहे कोणास ठाऊक. एखादे झाड उगाच फोफावले तर आकडा बिघडेल. जागा सूनबाईने दाखवावी. "इथे चालेल" एवढेच बोलावे. ज्या जागी चालणार नाही, तिथून तोंड न उघडता पुढे जावे.

कलम ८. हे मुलासाठी. यात वस्तू नाही.

तू व्यवस्थापक झालास, तेव्हा पहिल्या तोडीचा नकाशा जेवतानाच स्वयंपाकघरातल्या या टेबलावर पसरलास आणि म्हणालास, "आई, जरा नजर टाक." मी टाकली. तू आखलेल्या तोडीत माझा एक प्लॉट होता. तू विचारलेस, "चेहरा का पडला तुझा?" मी म्हटले, "भाजीत मीठ कमी आहे." तू उठून मीठ आणलेस. सूनबाईने ताटातून मान वर केली नाही. तेव्हाच मला कळले, खुर्ची कोणाकडे जाणार ते.

तू तो प्लॉट तोडलास. नंतरच्या मोजणीला मी निवृत्त असूनही हट्टाने गेले. बुडखे मोजले. बियांसाठी उत्तम झाडे उभी ठेवली होतीस, ओढ्याचा काठ सोडला होतास, ओंडके ओढताना जमीन फाडली नव्हतीस. माझी शेवटची मोजणी तिथलीच. रोपे इतकी दाटली होती की टेप ओढता येईना. मी खाली बसले आणि खूप रडले. आनंदाने रडले, हे सूनबाईला लिहून घ्यायला सांगितले होते, पण रकान्यात जागा नाही म्हणाली.

आई बघते आहे हे तुला माहीत नव्हते. तरी तू असे काम केलेस. माझ्या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत प्रिय आकडा त्या रोपांचा आहे, आणि तो तुझा आहे. कुठला प्लॉट, ते सांगणार नाही. अट मोडून बायकोला विचारलेस, तर ती म्हणेल, भाजीत मीठ कमी आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही: आई, उर्फ टेपबाई

साक्षीदार १: औषधाचे दुकानदार, शेजारी
साक्षीदार २: टपालवाल्या बाई

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळी