गाळ मी धुतला होता

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ११.२०.
संस्थेच्या सभागृहात, तिसऱ्या रांगेत निवृत्तांमध्ये बसलेली असताना, मला निष्काळजी ठरवण्यात आलं. पडद्यावर खाऱ्या तळ्याच्या गाळातल्या कार्बनचे आकडे, जड अणू किती, हलके किती. सहसा दिसत नाहीत इतके जड. टाळ्या. मग आकडे मांडणारा मिलिंद, ज्याला पिपेट धरायला मी शिकवलं, तो म्हणाला, "असे आकडे पूर्वीही आले होते, पण तेव्हा नमुने नीट धुतले नव्हते."
तेव्हा धुणारी एकच होती. मी.

४ मार्च
गाळात चुना राहिला तर आकडा खोटाच जड येतो, म्हणून आम्लात धुवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मी तीनदा धुतला. तिन्ही वेळा तेच आकडे.
मिलिंदला फोन केला. "मॅडम, मी कुणाचं नाव घेतलं का?" उपकारच म्हणायचे. मग हळूच, "आणि तुम्हीच तसं लिहून दिलंय ना."

७ मार्च
हो, दिलंय. तीन दिवस ही ओळ लिहायची टाळत होते.
तेव्हाच्या विभागप्रमुखांचा शोधनिबंध अडला होता, माझे आकडे त्यात बसत नव्हते. म्हणाले, दोन ओळी लिहा, धुण्यात कसूर झाली म्हणून, तुमचं काय जातंय. मी नोकरीत कायम व्हायची होते. लिहिलं. ते गेले, कागद राहिला.
शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोटं बोललात तर कबुली देता येते. सही केली की त्याची फाइल होते, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

१२ मार्च
स्वारगेटहून दोन बस बदलून संस्थेत. तळ्यात नळी खुपसून काढलेला गाळ नळीसकट उभा चिरतात. एक अर्धा मोजायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. माझा तो दुसरा अर्धा शीतकोठीत अजून आहे. कोठीवरचे शिंदे म्हणाले, "बघून घ्या मॅडम. २९ला टेम्पो येतोय, जुनं सगळं जाणार."
मिलिंदच्या खोलीत गेले. तो अर्धा मोज म्हटलं. नवे आकडे असताना जुना गाळ कशाला, मशीनला वेळ नाही, वगैरे.
"आणि जुळले तर?" मी विचारलं.
त्याला तेवढ्यात मीटिंग आठवली.

२० मार्च
संचालकांना पत्र. आवक शिक्का घेतला. नक्कल इथे:
टेम्पो थांबवा. तो अर्धा मोजा. मी धुणार नाही, तुमच्या विश्वासातल्या माणसाने धुवावा. आकडे हलके आले तर त्याच सभागृहात उभी राहून चूक माझीच होती असं सांगेन. जड आले तर काय सांगायचं, ते मिलिंदने ठरवावं.
उत्तर शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळी ५ च्या आत. लेखी, सहीनिशी. फोन करू नये, मी उचलणार नाही.