घुमणाऱ्या खोलीचा बंदोबस्त

हवालदार (निवृत्त) बिराप्पा यांस, विश्रामबागेहून हवालदार (तोही निवृत्तच) नाथाजीचा रामराम.

तू, तुझी मेंढरं आणि तुझा हट्ट असे तिघेही आटपाडीत ठणठणीत असाल, असं धरून चालतो. फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आणि ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही.

तर गड्या, आमच्या पोराने, वीरधवलने, माझ्या वाढदिवसाला दोन मोठे स्पीकर धाडले. ते वरच्या खोलीत मांडले, जुना कॅसेट प्लेअर दुरुस्त करून जोडला आणि पहिली कॅसेट लावली ती तुझ्या बापूंची. आपण दोघं रजेवर आलो असताना मेंढरांच्या तळावर मी त्यांची ओवी टेप केली होती, तीच. तू पाण्याला गेला होतास आणि मी टेप तसाच चालू ठेवून सरपण आणायला उठलो होतो. ओवी संपल्यावर बापू एकटेच त्या टेपशी काहीतरी बोललेत आणि त्यात तुझं नाव आहे, एवढंच आजवर मला कळत होतं. बापू शेवटपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाहीत, मेंढरांमागची काठी टाकून तू फौजेत गेलास ते त्यांना कधीच पटलं नाही, हे तू मला बर्फातही सांगितलंस आणि वाळवंटातही. म्हणून ते बोलणं मला एकदा स्वच्छ ऐकायचं होतं. पण खोलीत फरशी, काच आणि कोऱ्या भिंती. प्रत्येक शब्द चार ठिकाणी आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या उरावर बसायचा.

हे असं का होतं, याचा मी शोध सुरू केला. (फौजेच्या सिग्नलमधला माणूस निवृत्त होतो, पण त्याचे कान होत नाहीत.) टाळी वाजवायची आणि ती कितीदा परत येते ते ऐकायचं, ही सोपी रीत मी मोबाईलवर पाहिली. मग मी पतसंस्थेच्या हॉलमध्ये टाळी वाजवली, मारुतीच्या गाभाऱ्याबाहेर वाजवली (तिथे कुणाला काही वाटलं नाही) आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात वाजवली. डॉक्टरांनी लगेच रक्तदाब तपासला. मग भिंतीला लावायचे पॅनेल विकणारा एक तज्ज्ञ घरी बोलावला. त्याने खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक भलामोठा फुगा फोडला. खोली तपासायची त्याची ती पद्धत. शेजारचे सुभेदार नानासो त्या वेळी जास्वंदीला पाणी घालत होते. आवाज झाला तसे ते नळीसकट वाफ्यात आडवे झाले आणि मी वरून ‘फुगा आहे’ म्हणेपर्यंत उठले नाहीत.

तज्ज्ञाने नमुने दाखवले. पातळ फोम लावला तर बारीक आवाज तेवढे मरतात, जाड आवाज घुमतच राहतात. दाट आणि जाड काहीतरी हवं, आणि त्याच्या मागे थोडी पोकळी सोडायची, असं तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं आणि कामाच्या सगळ्या गोष्टींसारखं विसरलो. दरम्यान अंड्यांचे ट्रे चिकटवूनही पाहिले. टाळी तशीच परत आली. आमची घरधनीण चंद्राबाई दारात उभी राहून म्हणाली, “खुराडं करताय व्हय? मग कोंबड्या कवा आणताय?”

गंमत अशी की जी वस्तू मी गावभर शोधत होतो ती तिच्याच कपाटात निघाली. कपाट उघडं असताना सहज टाळी वाजवली आणि ती जागच्या जागी मेली. आत काय, तर इतक्या वर्षांत तू दिलेली सहा घोंगडी. दाट, जाड, खरखरीत लोकर. मी लगेच हातोडी घेतली आणि सहाही भिंतीला ठोकली. फरक पडला, पण बापूंचं बोलणं अजून घोगरंच होतं.

त्यात मागच्या आठवड्यात तुझी कारभारीण, म्हणजे आमच्या धोंडुवहिनी, ऑपरेशन झालेला डोळा तपासायला आमच्याकडे आल्या. पट्टी नुकती सुटली होती, पण खिळे त्यांना पहिल्या नजरेत दिसले. “आवं भावजी, घोंगडं म्हंजी देवाची बैठक. त्याला खिळं मारत्यात व्हय?” मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. आमच्याकडे घोंगडं म्हणजे थंडीतलं पांघरूण, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. मी खिळे उपटले. वहिनींनी छतापासून दोरीने वेळूच्या काठ्या टांगून घेतल्या आणि त्यांवर घोंगडी अशी सोडली की भिंतीला कुठेच टेकू नयेत, वीतभर लांबच राहावीत. भिंतीचा घाम घोंगड्याला लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब. मी टाळी वाजवली. परत आलीच नाही. वहीत लिहून विसरलेली पोकळी वहिनींनी न वाचता सोडली होती.

मग आम्ही तिघांनी कॅसेट लावली. एकेक शब्द कळला. वहिनी आटपाडीला परत येऊनही तुला काही बोलल्या नाहीत, कारण तू इथे येऊन स्वतःच्या कानाने ऐकावंस असं आमचं ठरलं आहे.

तुझा,
नाथाजी

ता. क. : छताला आणखी दोन घोंगडी हवी आहेत. एस.टी.च्या पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

आणखी एक : छताला काही नको आहे. ते तुला आणायचं निमित्त होतं.

शेवटचं : चंद्राबाई म्हणते, त्यास्नी शब्द सांगा, न्हाईतर त्ये येणार न्हाईत. तर ऐक. बापू टेपला म्हणतात, “ए पेटी, तू सगळं ऐकतीस म्हनं. मग ऐक. बिराप्पा फौजंत गेला त्ये बरं केलं. मेंढरं त्याला कवाच मोजाय आली न्हाईत. त्याच्या तोंडावर म्या बोलणार न्हाई. पर त्याचं कागूद आलं की म्या चौघांकडनं वाचून घेतू. येकानं वाचल्यावर लवकर संपतंय.”